स्वस्त तांदळाची महागडी गुलामी

गुलामांनी स्वतः बंड करून, मालकांना हाकलून जो देश उभा केला, असा देश जगाच्या इतिहासात एकच आहे. त्याचे नाव हैती. क्षेत्रफळाने आपल्या मराठवाड्याच्या निम्म्याहूनही लहान. १७९१ साली तिथल्या उसाच्या मळ्यांतले काळे गुलाम उठले आणि नेपोलियनच्या फौजेला धूळ चारून १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झाले. क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. अमेरिकेतील गुलाम मुक्त होण्याच्या साठ वर्षे आधीच हैतीच्या गुलामांनी आपल्या बेड्या आपल्याच हाताने तोडल्या होत्या. अशा शूर समाजाच्या ताटात आज परक्याचा भात का, हा प्रश्न चळवळीच्या माणसाने समजून घेतलाच पाहिजे.

मालकवर्गाने या स्वातंत्र्याचा सूड उगवला. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. भरपाई कशाची? मळ्यांची आणि हातातून गेलेल्या गुलामांची! म्हणजे ज्यांना विकले, राबवले, चाबकाने फोडले, त्यांनीच आपल्या सुटकेची किंमत मालकाला मोजायची. पुढे ही रक्कम ९ कोटींवर आली, पण तिच्यापायी काढलेल्या कर्जाचे ओझे उतरायला १९४७ साल उजाडले. पाटबंधारे, शाळा, रस्ते यांना लागणारा पैसा सव्वाशे वर्षे सावकाराच्या तिजोरीत गेला.

इतके होऊनही हैतीचा शेतकरी भात पिकवत होता. आर्टिबोनाइट नदीचे खोरे हे त्या देशाचे भाताचे कोठार. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देश आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता आणि बाहेरचा तांदूळ जड जकातीमुळे बाहेरच अडत होता. १९८६ मध्ये दुव्हालिए घराण्याची हुकूमशाही कोसळली आणि जागतिक कर्जदात्यांच्या सल्ल्याने बाजाराचे दार किलकिले झाले. लोकांनी निवडून दिलेले राष्ट्राध्यक्ष आरिस्टीड यांना १९९१ मध्ये लष्कराने हुसकावले. १९९४ मध्ये अमेरिकी फौजेच्या सोबतीने ते परतले, पण अटींचे गाठोडे घेऊन. १९९५ मध्ये तांदळावरची जकात थेट ३ टक्क्यांवर आली. शेजारच्या कॅरिबियन देशांत हाच दर साधारण २५ टक्के होता. त्याच बेटाच्या पूर्वेला असलेल्या डोमिनिकन रिपब्लिकने आपल्या भाताला संरक्षण दिले आणि तो देश आजही आपला बहुतेक तांदूळ स्वतः पिकवतो. बेट एकच, मग दोन देशांचे नशीब वेगळे का झाले? फरक जमिनीचा नव्हता, धोरणाचा होता.

अमेरिकेचा तांदूळ स्वस्त का, हे नीट समजून घ्या. तिथले सरकार आपल्या बड्या भातउत्पादकांना अनुदान देते. त्यामुळे तिथला माल खर्चापेक्षा कमी भावातही बाहेर विकता येतो. समोर उभा कोण? गाळाने भरलेल्या पाटाच्या कडेला एक-दोन एकर कसणारा, खतासाठी सावकाराच्या दारी जाणारा हैतीचा शेतकरी. याला मुक्त स्पर्धा म्हणायचे असेल, तर हात बांधलेल्या माणसाशी पहेलवानाने खेळलेल्या कुस्तीलाही स्पर्धाच म्हणावे लागेल. त्यात एका अमेरिकी तांदूळ कंपनीचे अधिकारी हैतीच्या जकात अधिकाऱ्यांना लाच देऊन कर चुकवत असल्याचे अमेरिकेच्याच न्यायालयात २००४ मध्ये सिद्ध झाले. ३ टक्क्यांचा जमाना आला, तरी तेवढेही भरायची यांची तयारी नव्हती!

येथे आपल्यातला कोणी विचारेल, स्वस्त तांदूळ मिळाला तर गरिबाचे बिघडले काय? आपला समाज बहुसंख्येने भूमिहीन. तो धान्य विकत नाही, विकत घेतो. प्रश्न रास्त आहे. हैतीतही सुरुवातीला शहरातल्या झोपडपट्टीला दिलासा मिळाला. पण भाताचे शेत पडीक पडले की लावणी गेली, कापणी गेली, गिरणीवरचे काम गेले. मजूर गाव सोडून राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्टीत आला. डब्याच्या मापाने तांदूळ विकणाऱ्या बाजारकरणी बायकांना तिथे ‘मादान सारा’ म्हणतात. त्यांच्या टोपलीतही ‘मायामीचा तांदूळ’ आला. हैतीत खाल्ल्या जाणाऱ्या तांदळातला सुमारे ८० टक्के तांदूळ परदेशी झाला. भाव ठरवणारे मूठभर आयातदार झाले.

मग २००८ उजाडले. जगाच्या बाजारात तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटीहून जास्त झाला. त्यात भारताच्या निर्यातबंदीचाही हात होता, हे आपण विसरू नये. हैतीत एप्रिलमध्ये भुकेले लोक रस्त्यावर उतरले, माणसे मेली, पंतप्रधान अलेक्सिस यांना जावे लागले. मीठ-चरबी घालून वाळवलेल्या मातीच्या टिकल्या खाणाऱ्या मुलांची छायाचित्रे जगाने पाहिली. स्वस्त तांदूळ महाग झाला, आणि तोवर घरचे शेत मोडून गेले होते.

जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर, मार्चमध्ये, बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की हे धोरण आपल्या अर्कान्सास राज्यातल्या काही शेतकऱ्यांच्या फायद्याचे ठरले असेल, पण हैतीसाठी ती चूक होती. कबुलीने शेत परत येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्टिबोनाइट खोऱ्यातल्या पाँ-सोंदे या गावी सशस्त्र टोळीने किमान ७० माणसे मारली. भाताच्या कोठारात आज बंदूक पिकते आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की सामाजिक आणि आर्थिक समतेवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही. हैती हे त्या इशाऱ्याचे जळते उदाहरण आहे. झेंडा आपला, पण चूल दुसऱ्याच्या ताब्यात.

आपणही १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला आहे. पिकवणाऱ्याला भाव आणि खाणाऱ्याला स्वस्त धान्य, हे दोन्ही साधायचे तर सरकारने हमीभावाने खरेदी करून रेशनवर धान्य दिलेच पाहिजे. दुसरा मार्ग नाही. पण २०२३ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांचे धान्य बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यावर टाकायचे ठरले. पुढे त्याचे १७० झाले. बाजारात भाव चढला की पैसे तेवढेच राहतात आणि पिशवी हलकी होते. धान्याच्या जागी पैसा आला की सरकार खरेदीतून अंग काढते आणि गरीब बाजाराच्या हवाली होतो. हैतीतही जकात उतरल्यावर गरीब असाच बाजाराच्या हवाली झाला.

म्हणून बांधवांनो, वस्तीतल्या रेशन दुकानाकडे क्षुल्लक बाब म्हणून पाहू नका. ग्रामसभेत विचारा, तहसीलवर मोर्चा न्या, धान्याऐवजी पैसा घेण्याच्या कागदावर सही करण्याआधी दहादा विचार करा. आपला भाव ठरवायचा हक्क एकदा गमावला, की काय होते ते हैती आज भोगतो आहे.