डाव सोडण्याआधी

भाताची मळणी उरकली, की मार्गासनीच्या माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ मंडळींची वर्दळ वाढते. कामाच्या दिवसांत अंगावर काढलेली दुखणी तेव्हा सवडीने बाहेर येतात. गेल्या थंडीत असेच एक आबा आले होते. वय 72, मधुमेह आणि रक्तदाब जुने. तपासून झाले, गोळ्या लिहून झाल्या, तरी ते उठेनात. अखेर म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, बुद्धिबळ सोडून द्यावं म्हणतो. पाच महिने रोज दोन तास घालवतोय, पण सुधारणा काही दिसत नाही. या वयात डोकंच चालत नसंल, तर उगं कशाला?’’

हा प्रश्न दुखण्याचा नाही, असे मला प्रथम वाटले. थोडा विचार केल्यावर जाणवले, की तो दुखण्याचाही असू शकतो.

2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी वयाच्या 19 व्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर आबांचा नातू खेळू लागला आणि त्याला सोबत म्हणून आबा. खेळ त्यांना अगदीच अपरिचित नव्हता. वडिलांकडून ते देशी पद्धतीने शिकले होते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. नातवाच्या मोबाईलमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय नियम. म्हणजे आबा नवे शिकत होते आणि त्याच वेळी साठ वर्षांची सवय मोडत होते. असे दुहेरी काम पाच महिन्यांत हातात बसावे, ही अपेक्षाच अवाजवी होती.

दुसरी गोष्ट मोजमापाची. मोबाईलवरचे बुद्धिबळ आपल्या ताकदीचा अंदाज घेऊन आपल्याच तोडीचा प्रतिस्पर्धी समोर बसवते. आपण थोडे सुधारलो, की पुढचा प्रतिस्पर्धीही थोडा वरचा मिळतो. त्यामुळे नवशिका असो वा मुरलेला, साधारण निम्मे डाव हरणे प्रत्येकाच्या वाट्याला येते. हार-जीत मोजून प्रगती कळणारच नाही. मी आबांना एक वही करायला सांगितली. डाव संपला, की आज किती मोहरे निव्वळ नजरचुकीने फुकट गेले, एवढाच आकडा तारखेसह लिहायचा. आकडा महिन्यागणिक घटत असेल, तर सुधारणा होत आहे, मग डाव कोणीही जिंको.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि इथे वय खरोखर आड येते. विचाराचा वेग मध्यम वयापासूनच हळूहळू उतरतो. अनुभवातून साठलेले ज्ञान मात्र पुष्कळ काळ टिकते. आबा पाच मिनिटांचे डाव खेळत होते. तो खेळ बुद्धीइतकाच बोटांच्या चपळाईचा. अर्ध्या तासाचा डाव खेळून पाहा, तोच माणूस वेगळा खेळताना दिसेल. माजी जगज्जेते वासिली स्मिस्लोव्ह 1984 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, आव्हानवीर ठरवणाऱ्या लढतींच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होते. तिथे वीस वर्षांच्या गॅरी कास्पारोव्हने त्यांना हरवले, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. विश्वनाथन आनंद 1988 मध्ये, अठराव्या वर्षी, भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. मुंबईचे प्रवीण ठिपसे ऐंशीच्या दशकातच राष्ट्रीय विजेते होते, तरी ग्रँडमास्टर किताब त्यांच्या हाती आला तो 1997 मध्ये, अडतिशीच्या आसपास. ते तिसरे भारतीय ग्रँडमास्टर. मधल्या वर्षांत सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला की नाही, ते तेच जाणोत. मला त्या वर्षांची लांबी महत्त्वाची वाटते. इतक्या वरच्या पायरीवरच्या माणसालाही पुढची पायरी चढायला इतका काळ लागला.

आता वैद्यकाकडे वळतो, कारण वाचकहो, आपल्यापैकी अनेकांसाठी खरा मुद्दा इथे आहे. ‘डोकं चालत नाही’ हे वाक्य वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी व्यक्तींत तर ते तसेही कमी आढळते. थायरॉईड मंदावला, तर विचारही मंदावतो. मोतीबिंदूमुळे लहान पडद्यावर उंट आणि प्यादे यांतला फरक कळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीवर घेतलेल्या झोप आणणाऱ्या गोळ्या वृद्धांची एकाग्रता बिघडवतात. मधुमेहाची गोळी घेऊन ‘एवढा डाव संपू दे’ म्हणत जेवण लांबवणारेही मी पाहिले आहेत. घाम, थरथर, गोंधळ ही रक्तातली साखर घटल्याची लक्षणे, तिथे डाव अर्धवट टाकावा हेच उत्तम. यातील बहुतेक कारणे साध्या तपासणीत सापडतात आणि बरी होतात.

सोडावेसे का वाटते, हेही पाहायला हवे. केवळ बुद्धिबळाचा कंटाळा आला असेल, तर चिंतेचे कारण नाही. पण त्याच सुमारास वर्तमानपत्र उघडावेसे वाटत नाही, पारावर जाणे बंद झाले, जेवणाची चव गेली, पहाटे तीनला जाग येते, असे दोन आठवड्यांहून अधिक चालू असेल, तर ते नैराश्य असू शकते. आपल्या भागात मुले पुण्याला नोकरीला आणि घरात दोघेच, किंवा एकटेच, अशी घरे वाढली आहेत. ‘म्हातारपणी असंच असतं’ म्हणून नैराश्य अंगावर काढले जाते. त्यावर उपचार आहेत.

घरच्यांनी आणखी एक ओळखावे. हळू शिकणे वेगळे, आणि येत असलेले निसटणे वेगळे. वर्षानुवर्षे खेळणारा माणूस घोडा तिरका चालवू लागला, पाळी कोणाची हे वारंवार विचारू लागला, सोबत पैशांच्या हिशेबात आणि ओळखीच्या वाटेवर चुकू लागला, तर ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. आणि हा बदल काही दिवसांतच झाला असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

बुद्धिबळाने स्मृतिभ्रंश टळतो का, हे मला हमखास विचारले जाते. न्यूयॉर्कमध्ये 75 वर्षांवरील 469 जणांचा काही वर्षे मागोवा घेतलेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. मात्र अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. कदाचित ज्यांचा मेंदू आतून थकू लागला होता, त्यांनीच खेळ आधी सोडला असेल. म्हणून औषध समजून, नाक दाबून कोणी बुद्धिबळ खेळू नये.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी मुलीच्या आग्रहाखातर वर्षभर बुद्धिबळ शिकून पाहिले. मन रमेना. ‘सोडा,’ असे मी बिनदिक्कत सांगितले. त्या भजनी मंडळात पुन्हा जाऊ लागल्या. तिथे पाठांतर आहे, ताल आहे आणि माणसे आहेत. फक्त एक सोडताना दुसरे हाती असू द्यावे. रिकामी दुपार टीव्हीसमोर जाते.

सांभाळणाऱ्यांना एक विनंती. ज्येष्ठांना मुद्दाम जिंकू देऊ नका; ते त्यांना कळते आणि टोचते. त्याऐवजी दोघांनी मिळून एक बाजू घ्या, किंवा नातवाने वजीर काढून ठेवून खेळावे. आणि ‘आबा, किती वेळ लावता?’ हे वाक्य पटापाशी नको.

आबांचे बी-12 कमी निघाले. इंजेक्शने घेतली, हातापायांच्या मुंग्या कमी झाल्या. खेळ त्यामुळे सुधारला, असा दावा मी करणार नाही. पाच मिनिटांचे डाव त्यांनी सोडले. आता शेजारच्या निवृत्त गुरुजींबरोबर संध्याकाळी कापडी पटावर एकच डाव होतो, आणि रविवारी नातवाबरोबर फोनवर. नातवाकडून ते अजूनही हरतात. वहीतला आकडा चारावरून दोनावर आला आहे. रक्तदाबाची गोळी मात्र चुकवतात, त्यावरून आमचा वाद चालू आहे.