विद्येसाठी दिलेला कागद

शाळा-कॉलेजे उघडली की हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडीसारख्या गावी झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँकेचे पुस्तक, सारे एका पिशवीत घालून आईबाप मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास येतात. अशाच एका रांगेत एका माउलीने दुकानातील पोराला विचारले, "बाबा, हे कागद पुढं कुठं जात्यात?" "बेंगळूरला, मावशी." "आन् तिथनं पुढं?" पोरगा निरुत्तर झाला. आम्हांलाही उत्तर चटकन सुचले नाही.

प्रश्न साधा खरा, पण आज तो सातासमुद्रापलीकडेही विचारला जात आहे. अमेरिकेत कॉलेजच्या सरकारी साहाय्यासाठी भरावयाच्या अर्जात विद्यार्थ्याबरोबर आईबापांचीही माहिती द्यावी लागते. मूल तेथे जन्मले म्हणून नागरिक. पण आई वा वडील परवान्यावाचून राहणारे, अशी कुटुंबे तेथे पुष्कळ आहेत. ही माहिती केवळ साहाय्य देण्याच्याच कामी वापरावी, असे तेथील कायदा सांगतो. तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये करखात्याने आपल्याकडील माहिती स्थलांतर-विभागास देण्याचा करार केला आणि तो वाद न्यायालयात गेला. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाचेही तसेच झाले तर, ही धास्ती घराघरांत शिरली. अर्ज भरावा तर आईबापांचा ठावठिकाणा उघड होण्याची भीती. न भरावा तर मुलाचे शिक्षण खुंटते.

ही भीती निराधार म्हणावी, तर इतिहास आड येतो. १९४० च्या अमेरिकन जनगणनेत लोकांनी विश्वासाने दिलेल्या माहितीवरून जपानी वंशाच्या वस्त्या कोठे आहेत, हे १९४२ साली लष्करास कळविण्यात आले. सुमारे १ लाख २० हजार माणसे छावण्यांत डांबली गेली.

आपल्या भागाला तर सरहद्दीचे खेळ नवे नाहीत. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९५६ साली बिदर जिल्ह्याची वाटणी झाली: उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे, जहीराबाद, नारायणखेड दुसरीकडे, हुमनाबाद, भालकी म्हैसूर राज्यात. माणसे जागची हलली नाहीत, सीमा मात्र हलली. आजोबांचे नाव उर्दू दप्तरात एक, मराठी दाखल्यात दुसरे आणि कन्नड कागदात तिसरेच, असे ज्या घरांत घडते, त्यांना कागदाची धास्ती वाटली तर नवल ते काय? एका कामासाठी दिलेला कागद दुसऱ्याच चौकशीत पुढे आला, तर अक्षरातला फरकही गुन्ह्यासारखा भासू लागतो.

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार जनगणनेची नोंद कोणास पाहावयास मिळत नाही. आधार हा नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नव्हे, असे आधारचा कायदाच म्हणतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. परंतु सुरक्षितता व सुव्यवस्था यांच्या कारणास्तव सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा केंद्राकडे ठेवलेली आहे. कुंपण आहे, पण त्याला फाटकही आहे, आणि किल्ली आपल्या हाती नाही.

चोर धरू नये वा कायदा राबवू नये, असे आमचे म्हणणे नाही. सरकारला चौकशी करावयाची असेल, तर त्याचे रीतसर मार्ग आहेत. परंतु मुलाच्या फीसाठी हात पसरणाऱ्या आईकडून मिळालेला कागद तिच्याच विरुद्ध वापरणे, हा विश्वासघात होय. त्याचा पहिला परिणाम असा, की सर्वांत गरजू मूल अर्जच करीत नाही.

म्हणून वाचकहो, भीतीपोटी अर्ज टाळू नका आणि खोटेही लिहू नका. मागितले तेवढेच द्या, पोचपावती जपा, जादा झेरॉक्स दुकानात सोडू नका, मोबाईलवर आलेला गुप्त अंक कोणास सांगू नका. आणि त्या माउलीचा प्रश्न अर्ज घेणाऱ्याला अवश्य विचारा. त्याचे उत्तर देणे हे माहिती मागणाऱ्याचे कर्तव्य आहे.