अक्कलकुव्याला किती खिळे लागतात?

‘अक्कलकुवा’ हे गावाचं नाव वहीत लिहायला कितीसा वेळ लागतो? पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छापखान्यात हे नाव एकेक अक्षर वेचून जुळवावं लागे. जुळाऱ्यासमोर लाकडी केस, तिच्यात खणच खण आणि खणाखणात धातूची बारीक अक्षरं. त्यांना म्हणत खिळे. जुळारी आधी ‘अ’ उचलणार, मग ‘क्क’. या जोडाक्षराचा खिळाच वेगळा! मग ‘ल’, ‘कु’, ‘वा’. प्रत्येक अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. शाई लावून कागदावर दाबलं, की सुलटं उमटतं.

खिळा नुसत्या शिशाचा केला, तर तो मऊ पडतो, दाबाखाली चेपतो. म्हणून शिशात अँटिमनी आणि कथील मिसळत. अँटिमनीमुळे मिश्रण कडक होतं, शिवाय साच्यात थंड होताना ते फारसं आकसत नाही. त्यामुळे ‘क्क’च्या बारीक गाठीसुद्धा अगदी रेखीव उतरतात. आहे की नाही कमाल?

अशा खिळ्यांच्या जड केसा लोकमान्य टिळकांनी स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या होत्या. हो, आपले तेच टिळक! विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर या सोबत्यांबरोबर त्यांनी पुण्यात आर्यभूषण छापखाना थाटला. जानेवारी १८८१मध्ये तिथून इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ निघाले. टिळक तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि शाळेत गणित शिकवत होते. गणिताचा माणूस खिळ्यांचाही हिशेब करणारच! इंग्रजीचं काम थोडक्या खिळ्यांत भागतं. आपल्याला काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो लागतात. ही संख्या कमी कशी करता येईल, यासाठी टिळकांनी पुढे बरीच खटपट केली. भाषणं करणाऱ्या पुढाऱ्याने एवढ्या बारीक कामात डोकं घालावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘केसरी’ गावोगाव पोचला, तसं टिळकांचं नावही पोचलं. १८९५मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलवर निवडून गेले. अमेरिकेतही असाच एक जण होता, होरेस ग्रीली. तो लहानपणी खिळे जुळवायला शिकला, त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘ट्रिब्यून’ काढलं आणि १८७२मध्ये थेट राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. तो हरला, पण लढला.

टिळकांना मात्र छापलेल्या शब्दांपायी तुरुंगात जावं लागलं. १९०८मध्ये ‘केसरी’तल्या लेखांवरून मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. नऊ ज्युरींपैकी सात युरोपियन. मूळ मराठी लेख त्यांना वाचता येईना, समोर होती ती इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. एकवीस तासांहून जास्त वेळ बोलून त्यांनी भाषांतरातल्या चुकाही दाखवल्या. ज्युरींनी सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं आणि टिळकांची रवानगी सहा वर्षांसाठी ब्रह्मदेशातल्या मंडालेला झाली.