पुराच्या आधीची पोती

श्रोतेहो, महापूर आला की मदतीच्या गाड्या चोहोकडून निघतात. पण धान्य निघणे निराळे आणि ते भुकेल्याच्या हाती पडणे निराळे.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट घ्या. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर चढले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बुडाला आणि भरलेल्या गाड्या दिवसचे दिवस रस्त्यावर उभ्या राहिल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रकार. माल होता, वाट नव्हती.

आता कागल तालुका बघा. कागलहून मुरगूडला जायचे तर दूधगंगा ओलांडावी लागते, आणि मुरगूड तर वेदगंगेकाठी. घाटमाथ्यावर पाऊस किती पडेल, धरणातून पाणी किती सुटेल, कोणती वाट आधी तुटेल, हे आठ दिवस आधी नेमके कोण सांगणार? मग करायचे काय?

समजा, आपल्याजवळ तांदळाची ६० पोती आहेत आणि नदीपलीकडे दोन गावे. सगळी पोती कागलात ठेवली नि पूल बुडाला, तर दोन्ही गावे उपाशी. सगळी एकाच गावी नेली, तर दुसरे उपाशी. म्हणून पावसाळ्याआधीच दोन्ही गावी उंचावरच्या जागेत २०-२० पोती ठेवावीत आणि उरलेली २० कागलात राखावीत. पुढे जिथे गरज अधिक आणि वाट खुली, तिकडे ती धाडावीत. अंदाज चुकला, तरी पहिले दिवस निभावतात.

मात्र सगळेच आधी साठवू नये. धान्य, पाणी शुद्ध करण्याचे औषध, जनावरांची वैरण यांना थांबता येत नाही. कपडे, भांडी, वह्या-पुस्तके मात्र पाणी ओसरल्यावर यादी पाहून मागवावीत. न मागता आलेले जुन्या कपड्यांचे ढीग जागा अडवतात आणि गाडीही.

ही यादी करण्यात शिक्षकांचा मोठा हातभार लागेल. कोणत्या घरी तान्हे मूल आहे, कोणत्या बाईचे दिवस भरत आले आहेत, कोणाला रोज इन्शुलिन टोचावे लागते, गोठ्यात जनावरे किती, हे सारे एका वहीत मे महिन्यातच लिहावे. एक प्रत गावात, एक तहसील कचेरीत. मग फोन बंद पडला, तरी पलीकडे काय धाडायचे ते इकडच्या माणसाला कळते.

मंडळी, पूर कुठे शिरेल हे आपल्या हाती नाही. वही आणि पोती आपल्या हाती आहेत. मृग निघण्याआधी ती तयार असावीत.