बांधावरचे गवत जाळू नका

ज्वारी मागे पडून सोयाबीन वाढले, तशी नांदेड-लातूरकडे कडब्याची गंजी लहान होत गेली. अशा वेळी लाल कंधारी आणि देवणी जनावरांना आधार बांधावरच्या चाऱ्याचा. पण खुरपायला मजूर मिळत नाही, म्हणून तोच बांध आपण तणनाशकाने जाळतो. ग्लायफोसेटसारखे औषध पानांतून मुळापर्यंत उतरते. चांगले गवत आणि तण हा भेद त्याला नाही. मुळे मेली की पहिल्या मोठ्या पावसात बांधाची माती ओघळते. उघड्या जागेत मग गाजर गवत शिरते. १९५५ साली पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आज कोणत्या गावात नाही?

त्याऐवजी बांधावर मारवेल लावावे. काळ्या जमिनीत ते छान येते. पावसाची झड लागली की मुळ्यांसह ठोंब हातभर अंतरावर लावावेत. गाजर गवत फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. पहिल्या वर्षी जनावर सोडू नये. बांध सामाईक असल्याने शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे. खरी अडचण गवताची नसतेच! हराळी मात्र नको. गणपतीला ती प्रिय, पण शेतात शिरली की निघता निघत नाही.

फुलोरा येऊ लागताच चार बोटे राखून कापणी करावी. उशीर झाला तर काडी निबर होते, जनावरे टाकून देतात.

ठोंब विकत आणायलाच हवेत असे नाही. ओढ्याकाठी पाहावे : कांड्यांच्या पेरांवर पांढऱ्या केसांचे कडे दिसले, की ते मारवेल.