नीटचा पेपर मुलीचा, तयारी घराची



यंदा एप्रिलच्या मासिक बैठकांना फिरताना बऱ्याच गटांत एकच प्रश्न कानावर आला. "मॅडम, पोरीची नीट जवळ आली. आम्ही सातवी-आठवी शिकलेल्या. आम्ही तिला काय मदत करणार?"

ताई, जीवशास्त्राचा धडा तिला आता कुणीच शिकवू शकत नाही, क्लासचे सरसुद्धा नाही. तो वेळ गेला. आता जी कामं उरली आहेत ती बहुतेक घराची आहेत : कागद, प्रवास, जेवण, झोप आणि आपलं बोलणं. यातलं एकही काम शिक्षणावाचून अडत नाही. म्हणून हा लेख खास तुमच्यासाठी.

परीक्षा नेमकी कशी आहे?

एमबीबीएस, दातांचं बीडीएस, आयुर्वेदाचं बीएएमएस, होमिओपॅथीचं बीएचएमएस या सगळ्यांसाठी देशभर एकच परीक्षा होते, ती नीट. घेणारी संस्था एनटीए. २०२५ मध्ये ती ४ मे रोजी, रविवारी, दुपारी २ ते ५ या वेळेत झाली. प्रश्न १८०, मिनिटं १८०, गुण ७२०. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. २०२४ पर्यंत काही प्रश्न सोडून द्यायची सोय होती आणि वेळही २०० मिनिटं होता. २०२५ पासून दोन्ही नाही. त्यामुळे गावातला कुणी दादा "आमच्या वेळी असं होतं" म्हणून सांगायला लागला, तर ऐकून घ्या, पण मुलीला गोंधळात टाकू देऊ नका.

मराठीतून पेपर निवडला असेल, तर पुस्तिकेत प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेले असतात. भाषांतरात शंका आली, तर इंग्रजीतला प्रश्न ग्राह्य धरतात. हे मुलीला माहीत आहे ना, एवढं विचारून ठेवा.

आता गुणांचा हिशोब. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. सोडून दिलेल्या प्रश्नाला काहीच नाही. आपल्या गटात बैठकीला उशीर झाला की दंड बसतो ना, तसाच हा दंड. समजा एका मुलीने १५० प्रश्न सोडवले, १३० बरोबर आले, २० चुकले. तिचे ५२० मधून २० गेले, राहिले ५००. दुसरीने सगळे १८० सोडवले, १२० बरोबर, ६० चूक. तिचे ४८० मधून ६० गेले, राहिले ४२०. म्हणून पेपर झाल्यावर "सगळा सोडवलास का गं?" हा प्रश्न विचारूच नका. सगळा सोडवणं म्हणजे चांगला सोडवणं असं या परीक्षेत नसतं.

कर्ज गटाचं, ओझं मुलीचं नाही

हे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं, पण परीक्षा समजल्याशिवाय ते पटलं नसतं.

आपल्यापैकी कितीतरी जणींनी लातूरच्या, संभाजीनगरच्या क्लाससाठी गटातून अंतर्गत कर्ज उचललं आहे. कुणी बँकेच्या कर्जातला हिस्सा फीला लावला, कुणी शेळ्या विकल्या, कुणी डोरलं गहाण ठेवलं. हा खर्च तुम्ही हिमतीने केला. त्याचं कौतुकच आहे. पण घरात रोज संध्याकाळी हप्त्याची चर्चा होते आणि शेजारच्या खोलीत पोरगी पुस्तक उघडून बसलेली असते. तिच्या कानावर प्रत्येक शब्द जातो. "एवढे पैसे घातलेत, आता सोनं कर" हे आपण प्रेमाने बोलतो. तिला मात्र ते वेगळंच ऐकू येतं : नापास झाले तर आईचं मंगळसूत्र माझ्यामुळे गेलं.

एक हिशोब बघा. २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. त्या वर्षी देशभरातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी आणि खासगी धरून, सव्वा लाखाच्या आत होत्या. म्हणजे अभ्यास केलेल्या, हुशार मुलांपैकीसुद्धा बहुतेकांना जागा मिळत नाही. पोरगी आळशी होती म्हणून नाही, जागाच कमी आहेत म्हणून.

तेव्हा या आठवड्यात एक वाक्य तिला स्पष्ट सांगा, डोळ्यात बघून सांगा : "हप्ता मी फेडणार आहे, तो तुझ्या डोक्यावर नाही. निकाल काहीही लागो, तू या घरातली तीच राहणार." तिचे वडील आणि आजीही हेच बोलतील हे बघा. एकाने धीर द्यायचा आणि दुसऱ्याने टोमणा मारायचा, तर धीर वाया जातो.

कागदांची पिशवी

प्रवेशपत्र एनटीएच्या संकेतस्थळावरून परीक्षेच्या काही दिवस आधी काढता येतं. गावात नेट चालत नसेल तर सीएससी केंद्रात किंवा तालुक्याला जाऊन काढा. शक्यतो रंगीत आणि दोन प्रती. मग एका प्लॅस्टिकच्या पिशवीत हे ठेवा :

• प्रवेशपत्र. पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवलेला. अर्जात जो फोटो दिला तोच वापरा.
• प्रवेशपत्रासोबत येणाऱ्या पानावर चिकटवलेला पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे ४ बाय ६ इंचाचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो.
• हजेरीपटासाठी आणखी एक पासपोर्ट फोटो.
• मूळ ओळखपत्र, उदा. आधार कार्ड. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही.

पोस्टकार्ड फोटो तालुक्याच्या स्टुडिओत आत्ताच काढून ठेवा. लग्नसराई आहे, फोटोवाला हाताला लागत नाही. सही कुठली घरून करायची, कुठली पर्यवेक्षकांसमोर, हे प्रवेशपत्रावरच्या सूचनांत लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय घाईने सही-अंगठा करू नका. पेन न्यायची गरज नाही, केंद्रावर देतात. पारदर्शक बाटलीतून पाणी नेता येतं.

कपडे आणि दागिने

अर्ध्या बाह्यांचा, हलका, साधा कुर्ता किंवा टॉप. मोठी बटणं, भरतकाम, खडे नकोत. पायात चप्पल किंवा सपाट सँडल, बूट नको. दागिने आणि धातूच्या वस्तू आत चालत नाहीत : कानातलं, चमकी, बांगड्या, पैंजण, केसांच्या पिना, घड्याळ. नाकातली चमकी बसून गेलेली असेल तर ती दोन दिवस आधीच सैल करून बघा. गेटवर रांगेत ती ओढत बसलं की पोरीचं अर्धं अवसान तिथेच गळतं. बुरखा, हिजाब किंवा धर्माप्रमाणे वेगळा पोशाख असेल तर तपासणीला वेळ लागतो, म्हणून लवकर पोहोचा. मुलींची तपासणी महिला कर्मचारीच, आडोशाला करतात. हे आधी सांगितलं तर ती बिचकत नाही.

पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड सोबत असू द्या. पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणून मनाने देऊ नका. ती कुणाला सोसते, कुणाला मळमळ आणि डोकेदुखी होते. द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि त्या दिवशी पाळी आली तर "अपशकुन झाला" असलं काही घरात कुणी बोलणार नाही, ही जबाबदारी तुमची.

प्रवास

केंद्राचं फाटक दुपारी दीड वाजता बंद होतं. एक मिनिट उशीर झाला तरी आत घेत नाहीत, रडून उपयोग होत नाही. प्रवेशपत्रावर प्रत्येकीची हजर राहण्याची वेळ दिलेली असते, ती पाळा. केंद्र जिल्ह्याच्या गावी आहे आणि आपल्या गावातून रविवारी एसटी कमी असतात. जमलं तर शनिवारी दुपारीच निघा. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर केंद्र बघून या. एकाच संस्थेच्या शहरात दोन-तीन शाळा असतात, तेव्हा नाव नको, पूर्ण पत्ता जुळवा.

मुक्काम कुणाकडे करायचा हेही विचारपूर्वक ठरवा. ज्या नातेवाइकांकडे लग्नाची हळद आहे किंवा जे रात्रभर "अभ्यास झाला का, किती मार्क पडतील" विचारत बसतील, तिथे नको. आपल्या प्रभागातल्या दोन गावांतल्या तायांनी तिघी मुलींसाठी मिळून एकच जीप ठरवली आहे. ग्रामसंघात विचारून बघा, तुमच्याकडेही जमेल.

धडधड होते म्हणजे काय होतं?

परीक्षेआधी पोटात गोळा येतो, हात गार पडतात, तोंड कोरडं होतं, सारखं लघवीला लागतं. पोरगी म्हणते, "आई, मला काहीच आठवत नाही." आपण घाबरतो. पण ताई, हा आजार नाही. समोर संकट दिसलं की शरीर अॅड्रेनालिन नावाचं रसायन रक्तात सोडतं. वासरू विहिरीकडे पळालं की आपण जसं सगळं टाकून धावतो, तशी ती तयारी असते. काळीज जोरात चालतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे जातं, पोटाचं काम मंदावतं. शरीराला परीक्षा आणि धावून येणारा बैल यातला फरक कळत नाही, इतकंच.

त्यावरचा सोपा उपाय श्वासात आहे. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यायचा आणि सहा-सात आकडे मोजत हळूहळू सोडायचा. पाच-सात वेळा. श्वास सोडायला जास्त वेळ लावला की ठोके शांत होतात. हे आजपासून रोज झोपताना दोघींनी मिळून करा. वर्गात बसल्यावर पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही.

"आठवत नाही" म्हणाली की तिला प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नका. दिवसा तिला स्वतः काढलेल्या टिपणांवरून नजर फिरवू द्या. नवीन पुस्तक, नवीन प्रश्नसंच, मैत्रिणीने पाठवलेले "शंभर टक्के येणारे प्रश्न" आता बंद. आणि रात्री झोप. वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम झोपेतच होतं. शेवटच्या रात्री तीनपर्यंत जागून जेवढं वाचून होतं, त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी पेंगत विसरलं जातं. पेपर दुपारी दोनला आहे, म्हणून या आठवड्यात दुपारची झोपही मोडा. नाहीतर त्याच वेळेला डोळे मिटायला लागतील.

पेपरचा दिवस

सकाळी नेहमीचं खाणं. साडेअकराच्या सुमारास साधं जेवण : वरण-भात, दही, भाकरी, जे रोज पचतं ते. पुरणपोळी, वडे, बाहेरचं काही नको. मे महिन्याचं ऊन आहे, पाणी आणि लिंबू-सरबत थोडं थोडं देत राहा.

आत जाताना मोबाईल तुमच्याकडे राहील. म्हणजे पाच वाजता हजारभर मुलं बाहेर येतील तेव्हा तिच्याकडे फोन नसेल. भेटायची जागा आधीच ठरवा : अमुक झाड, अमुक टपरी. तुम्हाला स्वतःला चार तास उन्हात थांबायचं आहे, छत्री, पाणी आणि डबा घ्या. तुम्हाला चक्कर आली तर तिचं काय होईल, हाही विचार करा.

बाहेर आल्यावर पहिला शब्द "पेपर कसा गेला?" नको. "भूक लागली का?" असू द्या.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

"पेपर आधी देतो", "मार्क वाढवून देतो", "सीट पक्की करून देतो" असं फोनवर सांगणाऱ्याला एक रुपया देऊ नका. २०२४ च्या पेपरफुटीचा तपास सीबीआयकडे गेला, अनेकांना अटक झाली. अशा लफड्यात पैसेही जातात आणि मुलीचं आयुष्यही अडकतं.

निकालापर्यंत आणि निकालानंतर

निकाल जूनमध्ये लागतो. मधल्या दिवसांत जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला, यातलं जे लागू असेल ते पूर्ण करा. जागा मिळूनही वैधता प्रमाणपत्रावाचून अडलेल्या मुली असतात.

नीट कितीही वेळा देता येते, वयाची वरची अट नाही. याच गुणांवर आपल्या राज्यात फिजिओथेरपीला प्रवेश मिळतो. नर्सिंग, फार्मसी, कृषी यांच्या सीईटी वेगळ्या आहेत. एक दार बंद झालं म्हणजे घर संपलं नाही.

शेवटचं, आणि हे मनावर घ्या. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, गप्प गप्प राहत असेल, "माझा तुम्हाला भारच आहे" असं बोलत असेल, तर "नाटकं करते" म्हणू नका. तिला एकटं सोडू नका. शेतातली फवारणीची औषधं घरात उघडी असतील तर आजच कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. तिला सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. हा नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ज्या गटात कुणाची मुलगी किंवा मुलगा परीक्षेला बसतो आहे, तिथल्या सचिव ताईंनी परीक्षेच्या आधी हा लेख वाचून दाखवावा. आणि बाकीच्या तायांनो, त्या दिवशी त्या घरच्या गुरांची धार काढायला, पाणी भरायला जमलं तर जा. कर्ज आपण सगळ्या जणी मिळून देतो, तसा एक दिवसही देऊया.