पोलिसांच्या बळवापराचे कायदेशीर उत्तरदायित्व (महाराष्ट्र)

कर्तव्य बजावताना आवश्यकतेपेक्षा अधिक बळ वापरणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास न्यायालयापुढे जाब द्यावा लागतो, या तत्त्वास पोलिसांच्या बळवापराचे कायदेशीर उत्तरदायित्व म्हणतात. जमावावरील लाठीमार व गोळीबार, कोठडीतील मारहाण आणि बनावट चकमक हे त्याचे प्रमुख विषय होत. खून, सदोष मनुष्यवध, दुखापत इत्यादी गुन्ह्यांचा सर्वसाधारण फौजदारी कायदा पोलिसांनाही लागू असतो. मात्र गुन्ह्याचा तपास करणारी यंत्रणा आणि आरोपी हे पुष्कळदा एकाच दलातील असल्यामुळे, तपास किती स्वतंत्र आहे यावर या उत्तरदायित्वाचे यश अवलंबून राहते. महाराष्ट्रातील रमाबाई आंबेडकर नगर गोळीबार (१९९७) आणि रामनारायण गुप्ता चकमक (२००६) या दोन प्रकरणांतून ही बाब स्पष्ट होते.

बळवापराच्या मर्यादा

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम ४३ नुसार अटकेस प्रतिकार झाल्यास पोलिसांना आवश्यक ती सर्व साधने वापरता येतात. परंतु मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. अटक केलेल्या व्यक्तीवर पळून जाण्यास प्रतिबंध करण्यापुरतेच बंधन घालावे, असे कलम ४६ सांगते. बेकायदेशीर जमाव पांगविण्याची तरतूद कलम १४८ मध्ये आहे. कबुलीजबाब मिळविण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा असून, दुखापत गंभीर असल्यास १० वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. इतर नागरिकांप्रमाणे पोलिसांनाही आत्मसंरक्षणाचा हक्क आहे, पण तोही धोक्याच्या प्रमाणातच वापरता येतो.

खटल्यापूर्वीचे संरक्षण

प्रामाणिकपणे कर्तव्य करणाऱ्या अधिकाऱ्यास त्रासदायक खटल्यांपासून वाचविण्यासाठी कायद्यात काही तरतुदी आहेत. शासकीय कर्तव्याच्या ओघात घडलेल्या कृत्याबद्दल खटला चालविण्यास कलम २१८ अन्वये शासनाची पूर्वमंजुरी लागते. मंजुरीबाबतचा निर्णय १२० दिवसांत न झाल्यास ती मिळाली असे मानले जाते. ही कालमर्यादा नव्या संहितेत प्रथमच आली. जमाव पांगविताना सद्भावनेने केलेल्या कृतीस कलम १५१ चे वेगळे संरक्षण आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांवरील खटल्यांसाठी अल्प मुदत घातलेली आहे. त्यामुळे संबंधित कृत्य खरोखर कर्तव्याचा भाग होते काय, हा अशा बहुतेक खटल्यांतील पहिला वादाचा मुद्दा ठरतो.

रमाबाई आंबेडकर नगर गोळीबार

११ जुलै १९९७ रोजी सकाळी मुंबईत घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकर नगरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यास चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवाशांनी पूर्व द्रुतगती महामार्ग अडविला. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. महामार्गावरील गॅसचे टँकर जमाव पेटवून देणार होता व त्यामुळे मोठा अनर्थ ओढवला असता, असे समर्थन पोलिसांकडून करण्यात आले.

शासनाने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने टँकरविषयीचा बचाव अमान्य केला आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खालील अहवाल शिफारशीच्या स्वरूपाचा असतो; त्यावरून कोणास शिक्षा होत नाही. त्यासाठी स्वतंत्र फौजदारी खटला चालवावा लागतो. तो चालून ७ मे २००९ रोजी, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ १२ वर्षांनी, सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. या निर्णयास उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले व त्यांना जामीन मिळाला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात या घटनेचे व तिच्या परिणामांचे चित्रण आहे.

रामनारायण गुप्ता प्रकरण

११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईतील वर्सोवा भागात रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया चकमकीत मारला गेल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याला त्याच दिवशी नवी मुंबईतून उचलून नेण्यात आले होते, असे सांगत त्याच्या वकील भावाने उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या आदेशावरून न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली आणि २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले. आरोपी पोलिसांचा जामीन रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवताना २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला दिला आणि वरिष्ठांचा आदेश हा बनावट चकमकीचा बचाव होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले.

जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरविले. अधिकारी प्रदीप शर्मा यांची मात्र निर्दोष मुक्तता झाली. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही मुक्तता रद्द करून त्यांना जन्मठेप ठोठावली. त्याविरुद्ध शर्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

सर्वोच्च न्यायालयाचे मार्गदर्शक निर्णय

डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने अटकेची कार्यपद्धती घालून दिली: अटक करणाऱ्याचे नाव दिसावे, साक्षीदाराच्या सहीने अटकेचा पंचनामा व्हावा, नातेवाइकांना कळवावे आणि ठरावीक अंतराने वैद्यकीय तपासणी व्हावी. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ जण मारले गेले होते. त्यासंबंधीच्या याचिकेवर २०१४ मध्ये न्यायालयाने १६ सूत्रे दिली. त्यांनुसार चकमकीतील मृत्यूचा तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा अन्य ठाण्याच्या पथकाने करावयाचा असतो, तसेच चकमकीनंतर लगेच शौर्यपदक वा बढती देता येत नाही. २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करणे कलम १९६ नुसार बंधनकारक आहे.

पोलीस तक्रार प्राधिकरण

प्रकाश सिंग प्रकरणातील २००६ च्या निर्देशांनुसार महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य व विभागीय स्तरावर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. न्यायालयाने जिल्हा स्तर सुचविला होता. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदेशीर अटक व खंडणी यांसारख्या तक्रारींची चौकशी प्राधिकरण करू शकते. शिक्षा देण्याचा अधिकार मात्र फौजदारी न्यायालयाकडेच राहतो.